टाकीत कुणी उतरायचं नाही



बचत गटांच्या या कार्यक्रमात आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, शेळ्यांच्या आजारांवर बोललो, गटाचं दप्तर कसं लिहायचं तेही सांगितलं. आज पाण्याच्या टाकीला आणि पाइपला तोटी, नळी, जोड बाहेरून कसा बसवायचा ते सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, हे काय आपलं काम? ते फिटरचं काम. आम्हीही असंच म्हणत होतो. पण मागच्या चैत्रात आमच्या गटात एक प्रसंग घडला आणि हे काम आम्ही शिकलो. तो प्रसंग आधी सांगतो, कारण त्यात आमचीच चूक होती.

आमच्या गटाची भाजीची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं आम्ही ट्रेमध्ये वाढवून विकतो. आमचा भाग दुष्काळी. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, म्हणून दगडी चौथऱ्यावर १००० लिटरची प्लास्टिकची टाकी बसवली आहे. त्या टाकीला खालच्या बाजूला आणखी एक जोड हवा होता. फिटरनं दोन वेळा दिवस दिला आणि दोन्ही वेळा तो आला नाही. ऊन वाढत होतं, रोपं माना टाकत होती. मग आम्हीच ठरवलं, आपणच बसवू. बाहेरून भोक पाडून झालं. आता निपल आतून घालायला हवा आणि वरच्या तोंडातून कुणाचाच हात तळापर्यंत पोचेना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पोराला आत सोडा की. तो आतून धरेल, आपण बाहेरून आवळू."

आमच्यातल्या एका ताईंचा नऊ वर्षांचा मुलगा तिथंच खेळत होता. अंगानं बारीक. त्याला गंमतच वाटली. एका हातात निपल, दुसऱ्या हातात सोल्यूशनचा उघडा डबा देऊन आम्ही त्याला आत सोडलं. सोल्यूशन लावलं म्हणजे जोड गळणार नाही, अशी आमची समजूत. दुपारचे बारा वाजले होते. तो खाली वाकला. थोड्या वेळानं म्हणाला, "मावशी, डोकं गरगरतंय." आम्ही म्हणालो, "झालंच रे, अजून थोडं धर." पुन्हा हाक मारली तर उत्तर नाही. जोरात ओरडलो तेव्हा तो कसाबसा उभा राहिला आणि त्याचे हात तोंडापाशी आले. दोघींनी ते धरले आणि त्याला वर ओढून काढलं. बाहेर येताच तो ओकला. चेहरा पांढराफटक पडला होता. तसाच त्याला सरकारी दवाखान्यात नेला. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला आणि घरी आला. पण त्या रात्री आमच्यापैकी एकीलाही झोप लागली नाही. सोडणाऱ्याही आम्ही आणि "अजून थोडं धर" म्हणणाऱ्याही आम्हीच.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सोल्यूशनची वाफ हवेपेक्षा जड असते. मोकळ्यावर ती उडून जाते, पण टाकीत ती तळाशी साचून राहते. पोरगा वाकला होता तो नेमका त्याच थरात. त्यात उन्हानं तापलेली टाकी. शिवाय ती वाफ पेट घेणारी. जवळ कुणी विडी किंवा काडी ओढली असती तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही वहीत ठराव लिहिला. कर्जाचा नव्हे, एका ओळीचा. टाकीत कुणी उतरायचं नाही. लहान मूल नाही, मोठं माणूस नाही, कामासाठी नाही आणि धुण्यासाठीही नाही. टाकी धुवायची तर लांब दांड्याचा ब्रश घ्यायचा आणि घाण पाणी खालच्या तोटीनं सोडून द्यायचं. लोखंडी बंद टाकीच्या वाटेला तर जायचंच नाही, कारण गंज चढताना आतल्या हवेतला ऑक्सिजन संपत जातो. संडासची टाकी आणि गोबरगॅसचा खड्डा त्याहून वाईट. तिथल्या वायूनं माणूस काही कळायच्या आत पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशा वेळी कुणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका. आरडाओरडा करून माणसं जमवा, १०८ ला फोन लावा.

ठराव झाला, पण टाकीचं भोक तसंच होतं. आतून हात पोचत नाही आणि आत उतरायचं नाही. मग निपल बसायचा कसा?

उत्तर दिलं आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी. त्या म्हणाल्या, "अगं, परकराच्या नेफ्यात आपण नाडी घालतो, तेव्हा हात आत घालतो का? पिन लावतो आणि ओढून घेतो. हेही तसंच करायचं." आम्ही सगळ्या हसलो. आणि मग करून बघितलं.

आता ते सावकाश सांगतो. घरी वही असेल तर लिहून घ्या.

आधी निपल म्हणजे काय ते बघू. दुकानात टाकीचा निपल मागितला की एक आखूड नळी मिळते. तिच्या एका टोकाला ताटलीसारखी कड असते आणि बाकीच्या अंगावर आटे असतात. सोबत एक मोठा नट आणि रबरी वायसर येतो. कड टाकीच्या आत राहते, आटे बाहेर येतात आणि बाहेरून नट आवळला की टाकीची भिंत मध्ये दाबली जाते. वायसर दोन घ्या. एक कडेला लागून आतल्या बाजूला, दुसरा नटाखाली बाहेरच्या बाजूला. यातला आतला महत्त्वाचा. पाणी थांबवतो तो आतला वायसर. पांढरी टेफ्लॉन टेप नटाखाली कितीही गुंडाळली तरी भिंतीच्या कडेनं येणारं पाणी थांबत नाही. टेप लागते ती पुढं निपलच्या आट्यावर कॉक बसवताना. ती घड्याळाचे काटे फिरतात तशी गुंडाळायची, म्हणजे कॉक आवळताना उलगडत नाही.

आता भोक. टाकी आधी पूर्ण रिकामी करा. जागा तळापासून चार बोटं वर धरा, म्हणजे खाली बसलेला गाळ नळीत येत नाही. गोल टाकीला तळाजवळ एखादी सपाट जागा दिलेली असते. ती सापडली तर तिथंच भोक पाडा. वाकड्या भिंतीवर वायसर नीट टेकत नाही आणि तिथूनच गळती लागते.

भोक केवढं पाडायचं? इथं सगळ्यांची गडबड होते. अर्धा इंची म्हटलं म्हणून अर्ध्या इंचाचं भोक पाडाल तर निपल शिरणार नाही. अर्धा इंच हे आतून पाणी जाण्याचं माप. अर्धा इंची आट्याचं बाहेरचं माप जवळजवळ २१ मिलिमीटर भरतं, पाऊण इंचीचं साडेसव्वीस आणि एक इंचीचं सव्वातेहतीस. काही निपल त्याहून जाड अंगाचे येतात. म्हणून नावावर जाऊ नका. आधी निपल विकत आणा, मगच भोक पाडा. निपल पुठ्ठ्यावर टेकवून आट्याच्या अंगाभोवती पेन्सिल फिरवा. पुठ्ठा कापा आणि निपल त्यातून घालून बघा. घट्ट पण सरळ गेला की तेच माप टाकीवर. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो, टाकी चुकली तर पैसे जातात.

भोक पाडायला ड्रिल मशीन आणि त्याला लावायची गोल आरी लागते. गावात कुणाकडं तरी असते, ती मागून आणा. एखाद्या जुन्या कॅनवर एकदा पाडून बघा. मशीन दाबायचं नाही, सावकाश फिरू द्यायचं. टाकी ओली नको, पायात चप्पल हवी आणि वायरचा जोड पाण्यात पडलेला नको. तापवलेल्या लोखंडी पाइपनं भोक पाडायची पद्धत आपल्याकडं आहे, पण त्यात धूर होतो आणि कडेला वितळलेल्या प्लास्टिकचा उंचवटा राहतो. आरीनं पाडा नाहीतर पाइपनं, भोकाची कड सुरीनं दोन्ही बाजूंनी साफ करा. आतली बाजू बोट घालून चाचपून बघा. एवढासा काटा राहिला तरी वायसर टेकत नाही.

आता नाडी ओवायची.

एक लांब नायलॉनची दोरी घ्या. टोकाला खिळा बांधा आणि वरच्या तोंडातून ती आत सोडा. वर एकजण बॅटरी धरून उभी राहील. खाली दुसरीनं जाड तारेचा आकडा करून भोकातून आत घालायचा आणि दोरी पकडून बाहेर ओढायची. पहिल्यांदा वेळ लागतो, चिडायचं नाही. दोरी बाहेर आली की खिळा सोडून ठेवा. आता दोरीचं एक टोक खाली भोकातून बाहेर आणि दुसरं वर तोंडापाशी.

वरच्या टोकाला निपल ओवायचा. दोरी आट्याच्या बाजूनं आत घालून कडेच्या बाजूनं बाहेर काढायची. म्हणजे ओढताना आटे पुढं आणि कड मागं राहील. कडेच्या मागं दोरीला एक आडवी काडी घट्ट बांधा. परसातली तुरीची काटकी चालते. काडी नळीत शिरणार नाही एवढी लांब हवी. आतला वायसर निपलवर आधीच चढवून कडेला टेकवा. आणि त्या काडीला आणखी एक दोरा बांधून त्याचं टोक वरच्या बाईच्या हातात द्या. तो कशाला, ते पुढं कळेल.

आता खालून दोरी हळूहळू ओढा. निपल टाकीत उतरतो, भोकापाशी येतो आणि आट्यांचं टोक भोकातून बाहेर डोकावतं. अडला तर थोडं सैल सोडून पुन्हा ओढा. पूर्ण बाहेर आला की दोरी ताणूनच धरा. सोडली तर निपल परत आत जाईल. बाहेरचा वायसर आणि नट दोरीवर ओवा आणि सरकवत निपलपर्यंत आणा. नट आधी हातानं फिरवा. निपलही सोबत फिरायला लागला तर त्याच्या नळीत लाकडाचा एखादा तुकडा घट्ट बसवून तो धरा. शेवटी पान्यानं थोडा आवळा. थोडाच. ताकद लावून आवळला की वायसर बाहेर फुगतो किंवा प्लास्टिकचा नट चिरतो. आमचा पहिला नट असाच फुटला.

जोड बसला की खालची दोरी सोडा आणि वरच्या बाईनं दुसरा दोरा ओढायचा. काडी आणि दोरी सगळं वरून बाहेर येतं. आत काही राहत नाही. आतला प्लास्टिकचा कीस पाणी घालून निपलवाटे धुऊन काढा. मग कॉक बसवा.

टाकी लगेच पूर्ण भरू नका. जोडाच्या वर वीतभर पाणी घाला, खाली कोरडा कागद ठेवा आणि तासभर थांबा. कागद ओला झाला तर नट पाव फेरा आवळा. तरी ओलाच राहिला तर आणखी आवळत बसू नका. पाणी सोडून द्या, नट काढा आणि वायसरखाली कचरा आहे का बघा. आणि थोडं गळतंय तर गळू दे, असं म्हणू नका. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला चारेक लिटर पाणी जातं. महिन्याला दहा-बारा कळशा झाल्या. चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात दहा कळशा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट टाळा. दोन रंगांच्या वड्या मळून लावतात ती पुटी आणि पाइपचं सोल्यूशन, दोन्ही प्लास्टिकच्या टाकीला चिकटत नाहीत. सोल्यूशन पीव्हीसीला पीव्हीसी जोडतं. टाकीचं आणि ड्रमचं प्लास्टिक वेगळं असतं, त्याला ते धरत नाही. म्हणजे ज्या डब्यासाठी आम्ही त्या पोराला आत पाठवलं, त्या डब्याची गरजच नव्हती. हे कळलं तेव्हा आमची मान खाली गेली.

आता ड्रम. २०० लिटरचा निळा ड्रम बऱ्याच घरी असतो. वरून बंद, फक्त दोन बुचं. तिथं दोरीचीही गरज नाही. भोक ड्रमला पाडू नका, बुचाला पाडा. बूच फिरवून काढा आणि मांडीवर घेऊन त्याला निपल बसवा. दोन्ही बाजू हाताशी असतात. मग बूच परत लावा आणि ड्रम आडवा करून लाकडी घोडीवर ठेवा, बूच खालच्या अंगाला येईल असा. पाणी सोडताना वरचं दुसरं बूच सैल करा, नाहीतर हवा न मिळाल्यानं पाणी अडखळतं. आणि मैत्रिणींनो, ड्रम कशाचा होता ते विचारल्याशिवाय घेऊ नका. औषधाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला, गुरांच्या पाण्याला वापरायचा नाही.

तिसरी गोष्ट ठिबकची. ठिबक केलेल्या शेतात तुम्ही बघितलंच असेल. जमिनीतल्या पीव्हीसी पाइपला भोक पाडून त्यात काळं रबरी कडं घालतात, त्याला ग्रोमेट म्हणतात. मग त्यात टेकऑफ दाबून बसवतात आणि त्याला नळी जोडतात. पाइपच्या आत कुणी हात घालतं का? नाही. टेकऑफ आत शिरला की रबर फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. सगळा जोड बाहेरूनच. याचं गुपित भोकाच्या मापात आहे. ग्रोमेट घेताना त्याच दुकानातून त्याच ग्रोमेटच्या मापाचं बिट मागून घ्या. भोक थोडं मोठं झालं तरी ग्रोमेट आयुष्यभर गळतं. घालताना साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस, डिझेल लावू नका, त्यानं रबर खराब होतं. आणि पाइपमध्ये पडलेला कीस शेवटचं बूच काढून पाण्यानं धुऊन काढा, नाहीतर तोच कीस पुढं जाऊन ठिबकची तोंडं बंद करतो.

हेच ग्रोमेट पातळ भिंतीच्या ड्रमला किंवा बादलीलाही बसतं. परसबागेतल्या चार वाफ्यांना तेवढं पुरतं. उंचावर ठेवलेल्या टाकीच्या पाण्याचा दाब फार नसतो. एक मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब दर चौरस सेंटिमीटरला किलोचा दहावा भाग, म्हणजे शंभर ग्रॅम. तेवढ्याला रबर पुरतं. पण मोटारीच्या थेट लाइनला ग्रोमेट लावू नका. तिथला दाब त्याला सोसत नाही.

मग मोटारीच्या किंवा शेताच्या मोठ्या पाइपला मध्येच तोटी काढायची असेल तर? पाइप कापायची गरज नाही. सॅडल मिळतं. घोड्यावर खोगीर टाकावं तसं ते पाइपवर बसतं. दोन अर्ध्या कड्या, मध्ये रबरी रिंग आणि बाजूला बोल्ट. सॅडल घेताना पाइपचं माप बाहेरून सांगा. शेतीचा पीव्हीसी पाइप बाहेरच्या मापानं ओळखतात. आपण ज्याला दोन इंची म्हणतो तो ६३ मिलिमीटरचा, अडीच इंची ७५ चा आणि तीन इंची ९० चा. पाइपवर आकडा छापलेला असतो. तो वाचून घ्या किंवा पाइपचा तुकडाच दुकानात न्या.

मोटार बंद करा, पाइपमधलं पाणी काढा आणि पाइप माती निघेपर्यंत पुसा. रबरी रिंग तिच्या खाचेत नीट बसवून सॅडल लावा. बोल्ट एकदम एका बाजूचे आवळू नका. थोडा इकडचा, थोडा तिकडचा, असं दोन्हीकडून सारखं आवळत आणा. मग सॅडलच्या तोंडातून ड्रिल घालून पाइपला भोक पाडा. समोरच्या भिंतीला ड्रिल लागणार नाही याकडं लक्ष ठेवा. तोटी लावायच्या आधी मोटार क्षणभर चालू करून कचरा बाहेर पडू द्या. मगच तोटी.

एवढं शिकल्यावर हात शिवशिवतात. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं आपल्या टाकीला, आपल्या ड्रमला, आपल्या शेताच्या पाइपला. ग्रामपंचायतीच्या लाइनला नाही. तिथं जोड हवा असेल तर अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि पंचायतीचा माणूस येऊन फेरूल बसवेल. हा फक्त नियमाचा प्रश्न नाही. आपल्याकडं लाइनला दिवसभर पाणी नसतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि कच्च्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. तो जोड गटाराच्या कडेला असेल तर गटाराचं पाणी आत जातं. दुसऱ्या दिवशी तेच सगळ्या गावाच्या हंड्यात. एका घराच्या चोरट्या जोडानं दहा घरांची पोरं जुलाबानं आजारी पडू शकतात. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळानं द्यायचं ठरलं आहे. गावाच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असंही त्यात सांगितलं आहे. आपल्याला पाणी कमी पडत असेल तर ते समितीत जाऊन बोलूया. रात्री पाइपला भोक पाडून तो प्रश्न सुटत नाही.

आता शेवटाकडं येतो. आमच्या गटातल्या तिघी आता गावात टाकीचे जोड बसवून देतात. पहिल्या घरी गेलो तेव्हा ओट्यावर बसलेली माणसं हसली होती. ते घर एका एकट्या राहणाऱ्या आजींचं. त्यांच्या टाकीचा जोड दोन महिने गळत होता आणि त्या त्याखाली पातेलं लावून, रात्री उठून ते रिकामं करत होत्या. किती लोकांना सांगून झालं होतं. काम लहान, म्हणून कुणी येत नव्हतं. आम्ही वायसर बदलला, नट आवळला, कागद ठेवला. तासाभरानं कागद कोरडा होता. आजींनी तो उचलून दोनदा उलटसुलट करून बघितला आणि पातेलं घासून फळीवर ठेवलं. माणसं हसायची थांबली होती. त्यातल्या एकानं निघताना विचारलं, "आमच्याकडं कधी येता?"

पुन्हा एकदा थोडक्यात. निपल आधी आणा, भोक नंतर पाडा. माप पुठ्ठ्यावर बघा. भोकाची कड साफ करा. वायसर आतल्या बाजूलाही हवा. दोरीनं ओढून घ्या, बेताचं आवळा, कागद ठेवून तपासा. ड्रमच्या बुचालाच भोक पाडा. ग्रोमेटला त्याच्याच मापाचं बिट आणि सॅडलला पाइपचं बाहेरचं माप. पंचायतीच्या लाइनला हात लावायचा नाही.

हे सगळं विसरलात तरी चालेल, दुकानदाराला किंवा आम्हाला विचारता येईल. पण टाकीत कुणी उतरायचं नाही, हे विसरू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव तुमच्याही वहीत लिहा. वाचता येत नाही त्या मैत्रिणींना तो मोठ्यानं वाचून दाखवा आणि घरातल्या पुरुषांनाही सांगा, कारण पोराला आत सोडायची कल्पना त्यांनाही सुचते.

तो मुलगा आता पाचवीत गेला आहे. मोठ्या टाकीचं काम असलं की सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर येतो. त्याचं काम एकच. टाकीच्या झाकणापाशी बाहेर उभं राहून बॅटरी धरायची आणि दोरी दिसली की ओरडून सांगायचं. डोकंसुद्धा आत घालत नाही. आणि आमच्यापैकी कुणी चुकून जास्त आत वाकलं की तोच ओरडतो, "मावशी, बाहेर या."